‘कर्जच घ्यायचं नाही, मग सिबिल कशाला?’ या मजकुराला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर गटागटांतून एक सल्ला फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सूर एकच: सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा पतगुणांक) आणि क्रेडिट कार्डाची लिमिट हा बँकांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, कर्ज घ्यायचं नसेल तर त्याकडे बघूही नका, बिलातली किमान रक्कम भरली की झालं, रिवॉर्ड पॉइंट मात्र सोडू नका, ते फुकटचे पैसे. महत्त्वाचं काय आणि किरकोळ काय, याचा क्रम यात नेमका उलटा लावला आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कर्ज घ्यायचं नाही, तर स्कोअर कशाला?’ तुम्हाला नसेल घ्यायचं. पण मुलीला शिक्षणासाठी कर्ज लागलं की सहकर्जदार म्हणून बहुधा आई किंवा वडिलांचीच सही घेतात, आणि तेव्हा बँक तुमचाही पतअहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि फेडीच्या नोंदी, काढते. शिवाय आपल्याकडे मेव्हण्याच्या किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं ही माणुसकी मानली जाते. ते कर्ज तुमच्याही अहवालात नोंदवलं जातं. त्याने हप्ते थकवले, तर डाग तुमच्याही नावाला लागतो. आयुष्यात एक रुपया उसना न घेतलेल्या माणसाचं घरकर्ज अशा जामिनामुळे अडकू शकतं. नोकरीचंही तसंच. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, थकीत कर्जाचा इतिहास असलेल्या उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय कायम ठेवला.

आणि घर घ्यायचं ठरलंच, तर? स्कोअर ३०० ते ९०० यांच्यामध्ये असतो आणि अनेक बँका घरकर्जाचा दर त्यानुसार ठरवतात. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं मुदत. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २६,०३५ रुपये, नऊ टक्क्यांनी २६,९९२. अर्ध्या टक्क्याचा हा फरक पूर्ण मुदतीत जवळपास २ लाख ३० हजारांवर जातो.

या मजकुरामागचा राग मात्र मला समजतो. सिबिलचं कारण पुढे करून शेतकऱ्याचं पीककर्ज अडवणं हा अन्यायच आहे. बँकांनी तसं करू नये, असं राज्य सरकारला जाहीरपणे बजावावं लागलं. आधी कधी कर्जच घेतलं नाही, एवढ्याच कारणाने कोणाचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेचंही म्हणणं आहे. पण व्यवस्थेवरचा राग म्हणून स्वतःचा अहवाल बिघडू दिला, तर नुकसान बँकेचं होत नाही.

‘किमान रक्कम भरली की झालं.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. किमान रक्कम भरल्याने तुम्ही थकबाकीदार ठरत नाही, एवढंच यात खरं. ५० हजारांच्या बिलावर समजा पाच टक्के, म्हणजे अडीच हजार भरले. उरलेल्या साडेसत्तेचाळीस हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ढोबळमानाने १,९६० रुपये चढतात. म्हणजे अडीच हजार भरून कर्ज फिटलं साडेपाचशेच्या आसपास. वर, बाकी राहिली की बिनव्याजी मुदत जाते. मग नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

‘लिमिट वाढवू नका, स्कोअर पडतो.’ उलट आहे. एक लाखाच्या लिमिटवर ७० हजार वापरलेत तर ७० टक्के वापर दिसतो. लिमिट दोन लाख असेल तर तोच खर्च ३५ टक्के. वापर कमी दिसणं स्कोअरला चांगलं. अर्थात, लिमिट दिसली की ज्याचा हात सुटतो त्याने ती वाढवून घेऊच नये. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला ती वाढवताही येत नाही.

‘पॉइंट म्हणजे फुकटचे पैसे.’ अगदी एक टक्का परतावा धरला तरी ५० हजारांच्या खर्चावर मिळतात ५०० रुपये. वरचं एका महिन्याचं व्याज पाहा. बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्याने पॉइंट जरूर घ्यावेत, पण वार्षिक शुल्क वजा करून काय उरतं ते पाहावं. पॉइंटसाठी खरेदी करू नये.

‘स्कोअर सारखा तपासला की कमी होतो.’ स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने काहीही कमी होत नाही. थोड्या दिवसांत अनेक ठिकाणी कर्जाचे अर्ज केले, तर परिणाम होतो. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या पतअहवाल तयार करणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. तो मागवा. फेडलेलं कर्ज चालू दिसत असेल किंवा न घेतलेलं कर्ज नावावर असेल, तर लगेच लेखी तक्रार करा. ती ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. ती मागायला संकोच करू नका.