‘छोट्या ॲपला रिव्हर्स प्रॉक्सी लागतच नाही’ या फॉरवर्डला उत्तर

नागपुरातल्या डेव्हलपर ग्रुपांमधे सध्या एक मेसेज जोरात फिरून राहिला. म्हणणं असं, की छोट्या ॲपसमोर एन्जिनएक्ससारखी रिव्हर्स प्रॉक्सी (लोकांच्या रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन मग ॲपला देणारा सर्व्हर) लावणं म्हणजे फुकटची झंझट, ॲप सर्व्हर सरळ पोर्ट ८० वर चालवा, मधे प्रॉक्सी आली की साइट स्लो होते, खरा आयपी दिसत नाही, वरून ५०२ हा एरर येत राहतो, आणि ट्रॅफिकच नसेल तर प्रॉक्सी कशाला. परसोडीच्या आयटी पार्कात नवीन लागलेले पोट्टे हे वाचून सर्व्हर उभे करून राहिले, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘साइट स्लो होते’. काहून होईल? प्रॉक्सी आणि ॲप एकाच मशीनवर असले की मधला प्रवास लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या आतल्याआतच, होतो, तो एका मिलिसेकंदाच्याही आत. सर्व्हर मुंबईला असेल तर नागपूरपासून साधारण ८०० किलोमीटर, फायबरमधे उजेड सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ८ मिलिसेकंद गेले, आणि खरी केबल त्याहून लांबून येते. वेळ तिथं जातो भाऊ, लूपबॅकवर नाही.

‘ट्रॅफिकच नाही तर प्रॉक्सी कशाला’. हा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण ऐकायला एकदम बरोबर वाटतो. प्रश्न माणसं किती याचा नाहीच, त्यांचं नेटवर्क किती स्लो आहे याचा आहे. समजा तुम्ही एखाद्या कोचिंग क्लाससाठी ॲडमिशन फॉर्म बनवला, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क), पुढे गनिकॉर्न (तो ॲप चालवणारा सर्व्हर), दोन कोरचं मशीन. गनिकॉर्नवाले स्वतः सांगतात तो हिशोब म्हणजे कोरच्या दुप्पट अधिक एक, म्हणजे ५ वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस), आणि साधा सिंक वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट धरतो. आता काटोल, उमरेड, रामटेककडचे पाच पोट्टे कमजोर नेटवर्कवरून मार्कशीटचा फोटो अपलोड करून राहिले, फोटो थेंबथेंब येऊन राहिला आणि पाचही वर्कर त्याच फोटोंची वाट पाहत अडकले. सहाव्याला साधं होमपेजही उघडत नाही! वरून ३० सेकंदांचा डिफॉल्ट टाइमआउट संपला की गनिकॉर्न तो वर्करच मारतो आणि पोट्ट्याचा फॉर्म गेला. सीपीयू पाहाल तर रिकामा बसलेला. एन्जिनएक्स पुढे असला की डिफॉल्टनंच आख्खी रिक्वेस्ट आधी स्वतःकडे जमा करतो, मग एका झटक्यात ॲपला देतो, त्याला हजारो स्लो कनेक्शन धरून ठेवणं जड जात नाही, तो बनलाच त्यासाठी आहे. गनिकॉर्नच्या डॉक्युमेंटेशनमधे प्रॉक्सीमागेच चालवा असा आग्रह आहे तो याचमुळे. नोडवाल्यांचं (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्यांचं) थोडं वेगळं आहे, तिथं इव्हेंट लूप (एकच प्रोसेस अनेक कनेक्शन आळीपाळीनं पाहते) असल्यामुळे स्लो क्लायंट असा वर्कर अडवत नाही, पण टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) आणि स्टॅटिक फाइली (चित्रं, सीएसएस) प्रॉक्सीकडे दिल्या की तोही मोकळा श्वास घेतो.

‘सगळ्यांचा आयपी १२७.०.०.१ दिसतो’. १२७.०.०.१ म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता. दिसतो, खरं आहे, पण कॉन्फिग अर्धवट सोडलं तरच. एक्स-फॉरवर्डेड-फॉर (खरा आयपी सांगणारा) आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (एचटीटीपी की एचटीटीपीएस ते सांगणारा) हे हेडर प्रॉक्सीकडून पाठवा, आणि ॲपला सांगा की फक्त आपल्या प्रॉक्सीचंच ऐक. दुसरा हेडर विसरलात तर ॲपला वाटतं रिक्वेस्ट एचटीटीपीवर आली, तो एचटीटीपीएसवर पाठवतो, परत तेच, रीडायरेक्ट गोल गोल फिरत राहतो. आणि पहिल्या हेडरमधला सगळ्यात डावीकडचा आयपी डोळे मिटून घेऊ नका, तो क्लायंट स्वतः काहीही लिहून पाठवू शकतो, एन्जिनएक्सचं नेहमीचं कॉन्फिग त्याच्या उजवीकडे खरा आयपी फक्त जोडतं. त्या खोट्या आयपीवर रेट लिमिट (एका आयपीला किती रिक्वेस्ट याची मर्यादा) लावलं तर ते लावलं न लावलं सारखंच.

‘५०२ प्रॉक्सीमुळे येतो’. ५०२ म्हणजे मागचा ॲप बंद आहे किंवा धड उत्तर देऊन नाही राहिला, एन्जिनएक्स फक्त निरोप देतो. एरर लॉगमधे कनेक्शन रिफ्यूज्ड दिसलं की ॲपच्या सर्व्हिसकडे जा, प्रॉक्सी काढून टाकली तर तोच ॲप तेवढाच बंद राहील. हां, ४१३ (पाठवलेला डेटा फार मोठा) हा एरर मात्र एन्जिनएक्सचा स्वतःचा, रिक्वेस्टच्या बॉडीची डिफॉल्ट मर्यादा १ एमबी आहे, ती वाढवायची.

पोर्ट ८० चं म्हणाल तर लिनक्समधे १०२४ च्या खालचे पोर्ट डिफॉल्टनं साध्या युजरला मिळत नाहीत, म्हणून लोक सरळ आख्खा ॲप रूटनं (सगळे अधिकार असलेल्या युजरनं) चालवतात. सेटकॅप या कमांडनं रूटशिवायही जमतं, पण फॉरवर्डमधे त्याचा एक शब्द नाही.

एका ठिकाणी फॉरवर्डवाले बरोबर आहेत, होस्टिंग प्लॅटफॉर्म स्वतःच पुढे प्रॉक्सी लावून देत असेल तर दुसरी लागत नाही.

आणि प्रॉक्सी लावली तरी ॲप ०.०.०.० वर (म्हणजे बाहेरच्या सगळ्यांसाठी उघडा) ऐकत ठेवू नका, १२७.०.०.१ वर किंवा युनिक्स सॉकेटवर (मशीनच्या आतलाच मार्ग) ठेवा. डॉकरवाल्यांनी (कंटेनरमधे ॲप चालवणाऱ्यांनी) जास्त लक्ष द्या, कारण डॉकर पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना बगल देऊन बाहेर उघडा करतो. मोबाइलच्या डेटावरून सर्व्हरचा आयपी आणि पुढे :८००० (किंवा तुमच्या ॲपचा जो पोर्ट असेल तो) टाकून बघा, पेज उघडलं तर आजच बंद करा.