कपाटाला स्प्रे मारायचाय? आधी पंखा बंद करा

लोखंडी कपाटाला घरच्या घरी स्प्रे मारणं हे रंगकाम नाहीच, घासकाम आहे. दिवसभर घासायचं आणि वीस मिनिटं फुसफुस करायची, असा साधारण हिशेब. दुकानदार हे सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आपण विचारतो, "चेरी रेड आहे का?"

आणि डबा एकच आणतो. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल कपाटाची पाठ सोडली तरी साधारण ४ चौरस मीटर पत्रा रंगवायचा असतो. ४०० मिलीच्या एका डब्यात रंगाचे दोन हात धरून एक, फार तर सव्वा चौरस मीटर होतं, कारण त्यातला बराच भाग रंग नसून रंगाला बाहेर ढकलणारा गॅस असतो, आणि जो रंग निघतो त्यातला काही खिडकीवाटे शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे जातो. म्हणजे रंगाचे चार डबे, शिवाय प्रायमर. सगळे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्यावेत. डावं दार चेरी आणि उजवं डाळिंबी अशी कपाटं मी पाहिली आहेत. मालक सांगतात, उजेडाचा फरक आहे.

गंज कुठे धरतो? पायांना. रोज लादी पुसणारं ओलं फडकं फिनेलसकट कपाटाच्या पायावर आपटून परत फिरतं, पाणी पायाच्या आत शिरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे पाडा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. स्वच्छ, चकाकता पत्रा दिसेपर्यंत. आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. उघडा पत्रा दमट हवेत रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पिवळट झाक आलेली असते आणि आदल्या दिवशीची मेहनत पायपुसण्यावर पडलेली असते. पोचे आलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरायची, पण पातळ. जाड भरली की वरून वाळते, आतून ओलीच राहते आणि रंग चढल्यावर खाली बसते.

पण पेपर हातात घेण्याआधी एक काम आहे, आणि तिथेच निम्मी कपाटं बिघडतात. कपाटाच्या दाराला आरसा असतो. आरशासमोर अख्खं घर खोबरेल तेलाच्या हाताने भांग पाडतं आणि त्याच हाताने हँडल धरतं. हँडलच्या भोवतीचा वीतभर पत्रा वर्षानुवर्षं तेल पीत असतो. त्यावर रंग मारला की डोळ्यांदेखत गोल गोल खळगे पडतात, मधोमध खालचा पत्रा डोकावतो. कारागीर याला फिशआय म्हणतात. तेलावर रंग टेकत नाही, बाजूला सरकतो. वरून अजून रंग मारला तरी खळगा तसाच, फक्त खोल. तरुण मंडळींचं हेअर सीरम तर त्याहून वस्ताद. त्यात बहुधा सिलिकॉन असतं, आणि ते पेपरने निघत नाही, पेपरबरोबर सगळीकडे पसरतं. म्हणून आधी पुसा, मग घासा, मग परत पुसा. फडकी दोन. एक थिनरमध्ये भिजवून तेल सोडवायला, दुसरं कोरडं, थिनर उडायच्या आत ते उचलायला. एकाच फडक्याने पुसलं की तेल जात नाही, दारभर फिरून येतं.

तेवढ्यात आणखी एक चाचणी उरकून घ्या. कपाटाला मध्ये कुणी ब्रशने ऑइल पेंट फासला असेल तर त्यावर थिनरवाला लॅकर (थिनर उडून झटपट वाळणारा रंग) मारला की खालचा रंग खवळून उठतो आणि सुरकुत्या पडतात. कपाटाच्या मागच्या बाजूला थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. रंग मऊ पडला तर एक तर सगळा जुना रंग उतरवा, नाही तर लॅकरचा नाद सोडून इनॅमलचा (सावकाश वाळणाऱ्या तेलरंगाचा) डबा आणा.

हँडल काढा, आतून स्क्रू असतात. कुलपाच्या भोकात कागदाची घट्ट गुंडाळी घाला. भोकात रंग गेला तर किल्ली आत जात नाही, आणि आत दागिने, एफडीच्या पावत्या आणि त्याच कपाटाची दुसरी किल्ली असते. आरशाला मास्किंग टेप लावा. पार्सलची तपकिरी टेप नको, तिचा चिकटा आरशावर कायमचा राहायला येतो. वर्तमानपत्र दुपदरी लावा, एकेरी कागदातून थिनर झिरपतो. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, दुमडून, सावकाश ओढायची. कडक झाल्यावर ओढली तर रंगाची किनार सोबत येते.

आता हवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम काढूच नये. थिनर उडताना पत्रा गार होतो, दमट हवेतलं पाणी त्या गार रंगावर बसतं आणि लॅकर पांढरट पडतो. लोक म्हणतात रंग बनावट होता. रंग खरा असतो, ऑगस्ट चुकीचा असतो. पण आपल्याकडे कपाट रंगवायची आठवण दसऱ्याच्या तोंडावरच येते. तेव्हा निदान दुपारची बारा ते तीन ही वेळ धरा आणि पंखा बंद ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद, खिडक्या उघड्या आणि तोंडावर मास्क, हे सोसायचं नसेल तर कपाट आहे तसं छान दिसतं. पंखा चालू राहिला तर पात्यांवरची वर्षभराची धूळ ओल्या रंगावर उतरते. गच्चीवर नेऊ म्हणाल तर कपाट लिफ्टमध्ये मावत नाही, आणि वर नेलंच तरी वाऱ्यात रंगाचे कण वाटेतच वाळून पत्र्यावर खरखरीत बसतात.

मास्क साधा कापडी नको. तो धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. वाफेसाठी कार्बनची कार्ट्रिज असलेला लागतो. आणि घरातली सगळी आग विझवायची: गॅस, उदबत्ती, मच्छरची कॉइल आणि देवघरातलं निरांजन. डब्यातला गॅस बहुधा एलपीजीच्या जातीचा, हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरत दुसऱ्या खोलीतही पोचतो. देव एक दिवस समजून घेतात. घरातली ज्येष्ठ मंडळी घेतीलच असं नाही, त्यामुळे पूजा आटोपल्यावरच सुरुवात करावी.

मारायची पद्धत सोपी आहे आणि हात ती ऐकत नाही. डब्यातली गोळी खुळखुळायला लागल्यावर आणखी पूर्ण मिनिटभर हलवा. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. हात दाराच्या बाहेर सुरू करून दाराच्या बाहेरच थांबवायचा. मधे थांबलात की तिथेच ओघळ. मनगट फिरवू नका, अख्खा हात दाराला समांतर न्या. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसावा. इथे जवळजवळ प्रत्येकाचा धीर सुटतो. "हे काहीच झाकलं गेलं नाही" म्हणत जो तो तिथेच आणखी एक फुसकारा मारतो आणि रंग दारावरून निवांत खाली निघतो. ओघळ ओला असताना बोटाने पुसू नका. नीट वाळू द्या, मग ४०० आणि ६०० चा पाणीपेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घासा. सलग फवारल्यावर डबा हातात गार पडतो, दाब कमी होतो आणि थेंब थुंकायला लागतो. पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा करा. कोमट म्हणजे हात घालता येईल असं. गॅसवर ठेवण्याची युक्ती कुणी सुचवली तर त्यालाच घराबाहेर ठेवा.

इनॅमलच्या डब्यावर बारीक अक्षरात बऱ्याचदा लिहिलेलं असतं: दुसरा हात एका तासाच्या आत, नाहीतर ४८ तासांनंतर. मधला काळ म्हणजे राहुकाळ समजा. वरची साय धरलेली असते, आत ओलं असतं, नवा हात पडला की सगळं आक्रसतं. हे आकडे डब्यागणिक बदलतात, म्हणून चष्मा लावून वाचा.

रंग अर्ध्या तासात हाताला लागेनासा होतो, पण कडक व्हायला दिवसभर आणि पक्का व्हायला आठवडा लागतो. या काळात खरा धोका धुळीचा नाही, अंगठ्याचा. "ओला रंग" अशी पाटी वाचून माणूस आधी पाटी खरी आहे का ते तपासतो. शेजारचे काका नेमका दाराच्या मधोमध, डोळ्याच्या उंचीवर अंगठा दाबतात आणि म्हणतात, "वाळला नाही हो अजून." यावर एकच उपाय: कपाटाबरोबर एका पत्र्याच्या तुकड्यालाही रंग मारायचा आणि तो दाराजवळ टांगून ठेवायचा. ज्याला दाबायचं त्याने तो दाबावा. आपल्यालाही तो कामाला येतो. नख रुतत नाही असं झालं की हँडल बसवा. दारं मात्र आठवडाभर पूर्ण मिटायची नाहीत, नाहीतर कडा चौकटीला चिकटतात आणि उघडताना पापुद्रा घेऊन येतात. कपाट उघडं असल्याने आतल्या साड्यांची संख्या सगळ्यांना कळते, त्याला इलाज नाही.

चेरी रेडबद्दल माझं मत विचारत असाल तर घेऊ नका. चकचकीत रंगात प्रत्येक पोचा आरशात पाहिल्यागत दिसतो. हॅमरटोन ग्रे घ्या. त्याचा पोतच ठोकल्यासारखा, त्यामुळे लांबीतल्या चुकाही मुद्दाम केल्यासारख्या वाटतात.

उरलेला डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा आणि मगच माळ्यावर टाका. तरी नोझल बुजलंच तर ते काढून थिनरमध्ये बुडवा. टाचणी घालू नका. भोक मोठं झालं की डबा फवारत नाही, पिचकारी मारतो.