'नकटी' हे लाडाचं नाव नाही

नाकाबद्दलचा एक मजकूर सध्या फिरतोय. मलाही तो तिघाचौघांनी पाठवला. म्हणणं असं: मराठीत नाक म्हणजे गर्व आणि नाकाचे सगळे वाक्प्रचार त्यातूनच आले, 'नाकारणे'सुद्धा नाकावरूनच, 'नाक कापणे' शूर्पणखेपासून सुरू झालं, आणि 'नकटी', 'नकट्या' ही घरातली लाडाची नावं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. शेवटचा मुद्दा मला फार लागला. पण आधी बाकीचे.

नाक वर करून चालणारा गर्विष्ठ, हे मान्य. पण नाकासमोर चालणारा साधा, सरळमार्गी असतो. नाक मुठीत धरून जाणारा अगतिक. नाकदुऱ्या काढणारा मनधरणी करतो, नाक खुपसणारा लुडबूड. कामाने नाकी नऊ येतात तेव्हा जीव मेटाकुटीला आलेला असतो, गर्व करायला त्राण कुठलं? आणि 'नाकावर टिच्चून' काही करून दाखवतो, तेव्हा ते नाक समोरच्याचं असतं, 'तुला जमणार नाही' म्हणणाऱ्याचं.

'नाकारणे'चा नाकाशी काहीच संबंध नाही. ते 'नकार'वरून आलंय. शेजारी 'होकार' ठेवून बघा.

लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. (तिच्या नावात मात्र नाक नाही, सुपासारखी नखं आहेत.) पण नाक कापणं पुराणापुरतं नव्हतं, ती माणसांना खरोखर दिली जाणारी शिक्षा होती. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ही हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. 'आमचं नाक कापलं गेलं' म्हणताना लोकांच्या डोळ्यांपुढे असे खरे चेहरे होते.

आता 'नकटी'. भाषा या शब्दाकडे लाडाने बघत असती तर 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ही म्हण झालीच नसती. 'नकटं व्हावं पण धाकटं होऊ नये' असं म्हणतात. त्यात धाकटेपणाचा जाच किती, हे सांगायला नकटेपणा मापाला घेतलाय. म्हणजे तो उणेपणाच धरलाय. कौतुकच करायचं तर आपल्याकडे 'नाकेली', 'चाफेकळी नाक', 'नाकीडोळी नीटस' असे शब्द आहेत. बसक्या नाकाच्या मुलीच्या वाट्याला त्यातला एकही येत नाही.

माझ्या मावसबहिणीला सगळं घर 'नकटे' म्हणायचं, मीसुद्धा. सातवीत असताना ती रोज रात्री नाकाच्या दांडीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून झोपायची. सकाळी दोन्ही बाजूंना लाल वळ दिसायचे, आणि आम्ही त्यावरही हसायचो. आज ती चाळिशीची आहे. फोटो काढायची वेळ आली की अजूनही नकळत हात नाकाकडे नेते.