अभेद्य तटबंदी उभारू इच्छिणाऱ्यांस चार अनुभवाचे शब्द

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावर वस्ती वसवून शत्रूशी लढण्याचा खेळ १९९९ साली आला, २०१९ च्या नव्या आवृत्तीने तो पुन्हा तरुण झाला, तरीही आपली वस्ती राखावी कशी याविषयी लोकांचे गैरसमज काही दूर झालेले नाहीत. काही उतावळी मंडळी सांगतात की वस्ती सैन्याने राखली जाते. त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष करा. सैन्याला खायला लागते, सोने लागते, त्याच्याकडे लक्ष द्यावे लागते आणि एवढे करून ते हरले तर दोष आपल्याच माथी येतो. भिंत पडली तर दोष भिंतीचा असतो. या तत्त्वावर मी कित्येक वर्षे निष्ठेने खेळत आलो आहे आणि माझ्या पराभवांची संख्या पाहता या विषयावर अधिकारवाणीने बोलायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही.

खेळ सुरू होताना हाती ३ गावकरी आणि टेहळणीसाठी १ घोडेस्वार असतो. हा घोडेस्वार नकाशाभर फिरवून शत्रू कुठे आहे, काय बांधतो आहे हे पाहण्याची वाईट सवय अनेकांना असते. जे पाहिले त्याची चिंता लागते आणि चिंतेने खेळ बिघडतो; म्हणून त्याला टाउन सेंटरच्या, म्हणजे वस्तीच्या मुख्य इमारतीच्या, दारात शांतपणे उभा करावा. शत्रू काय करतो आहे हे तो स्वतः येऊन सांगतोच.

मग भिंतीकडे वळा. ती मोठी असावी. दोघांसाठीचा ‘अरेबिया’ हा नकाशा १२० गुणिले १२० चौकटींचा असतो, दगडी भिंतीच्या एका चौकटीला ५ दगड लागतात आणि सुरुवातीला हाती २०० दगड असतात, म्हणजे पहिल्या ४० चौकटींची सोय झालीच. उरलेल्यांसाठी लाकडाची आणि शेतीची माणसे काढून खाणीवर लावा. तटाच्या आत सोन्याच्या खाणी, सगळी हरणे आणि ज्याचा पुढे काही उपयोग होणार नाही ते तळेसुद्धा यायला हवे. कंजूष लोक घरांनाच भिंतीसारखे ओळीने बसवतात आणि मधल्या फटी लाकडी कुंपणाने बुजवतात. त्यात काम स्वस्तात होते हे खरे, पण राज्य म्हणजे काही चाळ नव्हे.

इथे बांधकामातील एक बारकावा सांगायला हवा, कारण तो मी स्वतः मोल देऊन शिकलो आहे. भिंतीचा पाया नुसता आखला म्हणजे भिंत होत नाही. गावकऱ्याने येऊन हातोडा मारेपर्यंत त्या आखणीवरून कोणीही खुशाल चालत जाऊ शकतो. एका सामन्यात माझी तटबंदी पूर्ण व्हायला एकच चौकट उरली होती, एका घराचा कोपरा आणि जंगलाचे पहिले झाड यांच्या मधली. पाया आखला, गावकरी निघाला आणि मी समाधानाने शेतांकडे वळलो. तेवढ्यात शत्रूचे तीन घोडेस्वार आले, त्या आखणीवरून एकापाठोपाठ एक आत शिरले आणि त्यांच्या मागोमाग पोहोचलेल्या माझ्या आज्ञाधारक गावकऱ्याने उरलेली चौकट बांधून काढली. तटबंदी त्या क्षणी पूर्ण झाली आणि अभेद्य आहे हेही सिद्ध झाले, कारण पुढची सहा मिनिटे त्या तिघांना बाहेर पडायला वाटच नव्हती. त्यांनी तो वेळ माझ्या लाकूडतोड्यांच्या सहवासात घालवला.

दरवाजा जरूर ठेवा आणि तो शत्रूकडे तोंड करून ठेवा. आपला माणूस जवळ आला की तो आपोआप उघडतो. तेवढ्यात बाहेर टपलेला शत्रूही आत येतो. दरवाजाला कुलूप लावण्याची सोय आहे, पण पाहुण्यांच्या तोंडावर दार लावणे आपल्यात बसत नाही. रायगडाचा महादरवाजा बुरुजांच्या आड दडलेला आहे, समोरून नीट दिसतही नाही. बांधणाऱ्यांचा हेतू काय असेल तो असो, इथे आपल्याला ते परवडणारे नाही. (खेळताना आपण कोणत्या लोकांचे राज्य चालवायचे ते निवडता येते; २०२२ साली त्यांत बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्थानी आले, मराठे आले नाहीत. आले असते तर त्यांनी माझ्या दरवाजाविषयी काय म्हटले असते, हा विचार मी मुद्दाम करत नाही.)

शत्रूचा एक जरी घोडा क्षितिजावर दिसला तरी तत्काळ धोक्याची घंटा वाजवावी. या घंटेसारखे दुसरे सुख नाही. सगळा गाव हातातले काम टाकून धावत सुटतो, टाउन सेंटरमध्ये शिरतो आणि आतून बाण सुटू लागतात. टाउन सेंटरमध्ये १५ माणसे मावतात. गावात ३० असतील तर उरलेल्या १५ जणांनी कुठे जायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कोणी हिशेब मांडून सांगेल की ३० माणसे एक मिनिट बसून राहिली तर अर्ध्या तासाचे काम बुडते आणि शत्रूने यासाठी खर्च केला तो एक घोडा. अशा हिशेबी लोकांनी आयुष्यात कधी घंटा वाजवलेली नसते. घोडा निघून गेल्यावर घंटा पुन्हा वाजवून माणसांना कामावर पाठवायचे असते, ते मात्र विसरावे. मी विसरतो. माझे गावकरी एकदा इतका वेळ आत बसले होते की पिकलेली शेते पाहून शत्रूलाच हळहळ वाटली असेल.

यथावकाश खेळाच्या तिसऱ्या, म्हणजे कॅसलच्या युगात पोहोचल्यावर ६५० दगडांचा किल्ला बांधा आणि त्याच्या बाणांवर विसंबा. शत्रू रॅम घेऊन आला, म्हणजे चाकांवरचा तो छपराखालचा लाकडी ओंडका, तरी बाणच मारत राहा. रॅमवर बाणांचा परिणाम जवळपास होत नाही, त्याला तलवारीने जवळ जाऊन फोडावे लागते, असे जाणकार सांगतात. पण तलवारवाले सैनिक म्हणजे सैन्य, आणि सैन्याबद्दल आपले मत सुरुवातीलाच सांगून झाले आहे. राज्य निवडताना गॉथ लोकांच्या नादी लागू नका. त्यांना दगडी भिंत बांधताच येत नाही, त्यामुळे बिचाऱ्यांना सतत लढावे लागते.

ज्यांना एवढेही कष्ट नकोत त्यांनी ‘ब्लॅक फॉरेस्ट’ हा नकाशा निवडावा. तिथे चहूबाजूंनी दाट जंगल असते, फुकटची तटबंदीच ती. फक्त एक करा: लाकूडतोडे त्याच जंगलाला लावून द्या आणि विसरून जा. ते रोज थोडे थोडे लाकूड घरी आणतात, त्या लाकडाची आपण शेते करतो, शेतांच्या धान्यावर आणखी लाकूडतोडे येतात. एके दिवशी शेवटचे झाड पडते आणि पलीकडे शत्रूचे लाकूडतोडे दिसतात. त्यांच्यामागे सैन्य असते, हा फरक.

शेवटी वंडर, म्हणजे खेळातली सर्वांत भव्य वास्तू, बांधा. लाकूड, सोने आणि दगड प्रत्येकी १०००. बांधून झाल्यावर ते खेळातली २०० वर्षे टिकवले की जिंकलो. सैन्यावर काही खर्च झालेला नसल्याने हे सहज जमते. मी ते एकदा ऐन वस्तीच्या मध्यावर उभारले, भोवती दुहेरी तट घातला आणि घंटेवर हात ठेवून बसलो. शत्रू पाच ट्रेब्युशे, म्हणजे लांबवर दगड फेकणारी यंत्रे, घेऊन आला. या यंत्राचा दगड १६ चौकटी जातो आणि किल्ल्याचा बाण सगळ्या सुधारणा करून ११, हे मला तेव्हा समजले. त्याने तटाबाहेर यंत्रे उलगडून मांडली आणि दगड माझ्या दोन्ही भिंतींच्या डोक्यावरून जाऊ लागले. खेळ संपला तेव्हा बाहेरच्या तटाची एकही चौकट निखळलेली नव्हती. त्याचा फोटो काढून ठेवला आहे.