शाळा पाडली, पुढं काय?

विषय निघाला तो सळ्यांवरून. कट्ट्यासमोरच्या जिल्हा परिषद शाळेचं काम जोत्यावर थांबलंय आणि कॉलमच्या वर आलेल्या सळ्यांना पोरं दप्तरं अडकवतात. गंजाचे पापुद्रे सुटलेत. बोट फिरवलं की लाल भुगा हाताला लागतो.

"दुसरा पावसाळा गेला यांच्यावरून," गुरुजी म्हणाले. "जुनी इमारत पाडायची घाई कशाला केली?"

अण्णा बांधकाम खात्यातले निवृत्त शाखा अभियंता. ते लगेच म्हणाले, "घाई कसली, गुरुजी? ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीला शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात, झालावाडच्या पिपलोदीत सात. धोकादायक खोलीत एक दिवसही वर्ग भरवायचा नाही."

"भरवू नकाच. पण वर्ग बंद करणं वेगळं आणि इमारत पाडणं वेगळं. कुलूप आजच लावा. पाडा मात्र नव्या कामाचा कार्यारंभ आदेश हातात आल्यावर."

"आणि तोवर पोरं भिंतीआड लपाछपी खेळली तर?"

"भिंतीच्या उंचीइतकं अंतर सोडून पत्र्याचं कुंपण मारायचं. पाडल्यावर काय झालं ते ताईंना विचारा."

ताई शाळा व्यवस्थापन समितीत आहेत. "चार वर्ग देवळाच्या सभामंडपात, चार दिशांना तोंडं करून. पहिलीचे पाढे चौथीच्या गणितात ऐकू येतात. सप्ताह किंवा लग्न असलं की शाळेला सुट्टी. पोषण आहाराचा तांदूळ कुणाच्या तरी घरी ठेवायचा आणि शिजवायचा उघड्यावर. पण खरा प्रश्न स्वच्छतागृहाचा. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात त्या परत येतच नाहीत. देऊळ रस्त्यावर, कुंपण नाही, म्हणून लहानग्यांपाशी कुणीतरी बसावं लागतं. बहुतेक आईच बसते, आणि तिचा रोज बुडतो."

शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण हे सगळं लिहिलेलं आहे. त्यासाठी दिलेली तीन वर्षांची मुदत मार्च २०१३ लाच संपली.

भाऊ लहानमोठी सरकारी कामं घेतात. त्यांच्यावर सगळ्यांचा रोख होता, पण त्यांनी सांगितलेली साखळी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. "आदेश निघतो मार्चअखेर, निधी परत जाऊ नये म्हणून. एप्रिलमध्ये आखणी, मे महिन्यात खोदाई. आपली काळी माती, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. तेवढ्यात पाऊस. उघड्या खड्ड्याच्या कडा ढासळतात, तळ मऊ पडतो. पाऊस थांबल्यावर तो चिखल काढून जास्तीचं काँक्रीट भरायचं. ते अंदाजपत्रकात नसतं. मग सुधारित मान्यता, म्हणजे कागद पुन्हा टेबलाटेबलावर. जोत्यापर्यंतचं बिल अडकलं की माझे गवंडी दुसऱ्या कामावर जातात. गोदामातलं सिमेंट तीन महिन्यांवर गेलं की तपासल्याशिवाय वापरता येत नाही."

"म्हणून मग पुढच्या मे महिन्यात स्लॅब उरकता!" अण्णा तापले. "गावाला टँकरनं पाणी, आणि क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट नीट घट्ट व्हावं म्हणून, अशा कोरड्या उन्हात किमान दहा दिवस ओलं ठेवायचं. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू चौदा दिवस, त्याहून लांब असेल तर एकवीस दिवस काढायचे नाहीत. सेंट्रिंगचं भाडं वाढतं म्हणून लवकर काढले की स्लॅब वाकतो, आणि पुढं गळतो. या सळ्याही अशाच जोडू नका. वायर ब्रशनं गंज काढा, व्यास मोजा, जास्त झिजल्या असतील तर अभियंत्याला विचारून नव्या जोडा. आणि आज संध्याकाळीच टोकांवर टोप्या बसवा."

भाऊंनी मान डोलावली. "मला आदेश ऑक्टोबरमध्ये द्या, अण्णा. दिवाळीनंतर पाया, जानेवारीत स्लॅब. विहिरींना पाणी असतं. जूनमध्ये वर्ग भरवून दाखवतो."

गुरुजी बराच वेळ गप्प होते. "इमारत होईलच. पण पोरं? ज्यांना परवडतं ते दाखला काढून तालुक्याच्या शाळेत घालतात. एकदा पिवळ्या बसची सवय लागली की इमारत झाली तरी परत कोण येतंय? पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तीन. चार दाखले गेले की एक पद जातं, आणि मागं राहतात ती मजुरांची पोरं. त्यांना एक शिक्षक कमी."

यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बरं. पाडायच्या बाबतीत मी एक पाऊल मागं येतो. पण कुलूप आणि कुंपण त्याच दिवशी."

ताईंनी वहीचं पान काढलं. समितीच्या पुढच्या बैठकीचा ठराव तिथंच लिहायला घेतला: वर्ग ग्रामपंचायतीच्या सभागृहात हलवावेत, मुलींसाठी तात्पुरतं स्वच्छतागृह आठवड्यात उभं करावं, सुधारित मान्यतेचा कागद आज कोणत्या टेबलावर आहे ते गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी कळवावं, आणि जोत्यापर्यंतच्या कामाची मोजणी समितीसमोर व्हावी.

"मोजणीला मी येतो," अण्णा म्हणाले. "टेप माझा."

भाऊ उठून टोप्या आणायला गेले.