आधी काच, मग सूर्य

हिंजवडीत नवं ऑफिस बांधताय? अभिनंदन. पर्यावरणाचंही तेवढं उरकून टाका.

इमारत काचेचीच हवी, आणि सगळ्यात मोठी काच पश्चिमेला. मावळतीचं ऊन आडवं येतं, छज्जा त्याला पुरत नाही. तेव्हा छज्जाही नकोच. पुण्याच्या जुन्या वाड्यांना जाडजूड भिंती होत्या, मधे चौक होता, पण ‘ग्रीन बिल्डिंग’चं सर्टिफिकेट कुठं होतं? दुपारी चारला स्क्रीन दिसेनाशी झाली की पडदे ओढा, अंधार झाला की दिवे लावा. दिवे एलईडी आहेत, म्हणजे बचतच.

एसी 24 अंशांवर ठेवा, असं सरकार सांगतं. तुम्ही 19 वर ठेवा. मे महिन्यात अकाउंट्सच्या बायका शाली पांघरून बसल्या की ऑफिसला जरा परदेशी कळा येते.

हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीचा एसी, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी. पाण्याचा भाग बऱ्याच कमी विजेत गार राहिला. असली उदाहरणं देणारा आर्किटेक्ट घेऊ नका, तो फीच्या आधी उन्हाची दिशा विचारतो.

आता सोलर. गच्चीवर एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते, दिवसाला चारेक युनिटं मिळतात. पण गच्चीवर बघायला येतंय कोण? गेटवर 5 किलोवॉटचं ‘सोलर ट्री’ उभारा, म्हणजे खांबावर फांद्यांसारखी पॅनेलं. दिवसाची 20 युनिटं! तळघरातला 100 टनी चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र, पूर्ण जोरात चालला तर ती अर्ध्या तासाच्या आत गिळतो, पण चिलरसोबत सेल्फी कोण काढतो? पॅनेलचं तोंड खरं तर दक्षिणेला हवं. तुमचं गेट उत्तरेला आहे, पाहुणेही तिकडूनच येणार, तर तोंडही तिकडेच करा. धूळ साहेबांची फेरी असेल त्याच्या आदल्या दिवशी पुसा, टँकरच्या पाण्याने.

एक अडचण येईल. गेटजवळचा जुना कडुनिंब पॅनेलवर सावली टाकतो. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज घटते, हे तुम्हाला आता अचानक शास्त्रोक्त पटेल. तोडून टाका. 5 जूनला, पर्यावरण दिनी, त्याच खड्ड्यात रोप लावा, दरवर्षी. खड्डा तयारच असतो.

वॉचमनकाका पूर्वी निंबाखाली बसायचे. आता सोलर ट्रीच्या वीतभर सावलीत खुर्ची टाकतात आणि ऊन फिरेल तशी दिवसभर सरकवत राहतात.