लेकराचा रिपोर्ट अन् मोठ्यांची रेंज

परवा रात्री साडेदहाला आमच्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर एका आईनं आपल्या चार वर्षांच्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट टाकला. दोन दिवसांचा ताप, सर्दी. एका आकड्याभोवती लाल गोल : लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ५६ टक्के. खाली, "कोणाला कळते का? पुन्हा कोरोना तं नाही ना?"

मला एकदम एप्रिल २०२१ आठवला. नागपुरात बेड मिळत नव्हते, घरी नवरा पॉझिटिव्ह, अन् तीन वर्षांच्या पोरीला १०१ ताप. घाबरून मी लॅबचं 'कोविड प्रोफाइल' पॅकेज बुक केलं. डॉक्टरांना न विचारता, हे कबूल करते. पीपीई किट घातलेला मुलगा आला. त्याला पाहूनच पोरगी सुईच्या आधी रडली. रात्री व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा आकडा) १४, डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांचा अंदाज देणारा) ६८०, लिम्फोसाइट ५८ टक्के. तिन्ही ठळक अक्षरांत, पुढे बाण.

रामदासपेठेतल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. आकडे वाचायला सुरुवात केली तर त्यांनी मधेच विचारलं, "ताई, पोरगी काय करून राहिली?"

"कुलरसमोर बसून टरबूज खाऊन राहिली."

"मग झोपली की पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. चाळीसच्या वर गेले, किंवा ऑक्सिजन ९४च्या खाली गेला, तर कितीही वाजता फोन करा."

३२ भरले. मी तीनदा मोजले.

नंतर त्यांनी सांगितलं ते तेव्हा कळायला हवं होतं. चार-पाच वर्षांपर्यंत लेकरांच्या रक्तात लिम्फोसाइटच जास्त असतात, ५८ टक्के म्हणजे त्या वयाला नॉर्मल. कोरोनात काळजी असते ती ते कमी होण्याची. मी उलट्याच बाजूला घाबरले होते! सीआरपी तर साध्या व्हायरल तापातही थोडा चढतो, अन् डी-डायमर कुठल्याही इन्फेक्शनमध्ये वर जाऊ शकतो. त्यात एककाची भानगड वेगळीच. सीआरपी कोणी लिटरवर देतं, कोणी डेसिलिटरवर, दहा पटींचा फरक पडतो.

पण "टेस्ट म्हणजे लुटायचे धंदे" असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये माझ्या भाच्याचं झालं ते पाहिल्यावर तर नाहीच.

आठ वर्षांचा पोरगा. घरातले सगळे महिनाभरापूर्वी कोरोनातून उठलेले, याला तेव्हा शिंकही आली नव्हती. चार दिवस ताप उतरेना, पोट दुखे, डोळे लालभडक. आधी टायफॉइड वाटला, मग अपेंडिक्स. आरटीपीसीआर निगेटिव्ह, अँटीबॉडी मात्र पॉझिटिव्ह. सीआरपी १८०, फेरिटिन (सूज वाढली की हाही चढतो) अन् डी-डायमर कितीतरी पट, प्लेटलेट खाली, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग कमी. एमआयएस-सी. कोरोना होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच भडकते, तो हा आजार. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या हे एप्रिल २०२० मध्ये लक्षात आलं. सुरुवातीला त्यांनाही तो कावासाकीसारखाच (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) वाटला होता. उपचार म्हणजे शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी), वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम. भाचा २२ किलोचा, म्हणजे ४४ ग्रॅम, पाच-पाच ग्रॅमच्या नऊ बाटल्या. सोबत स्टेरॉइड. मग रोज आम्ही सीआरपीचीच वाट पाहायचो : १८०, ९६, ३१. ३१ आला त्या दिवशी बहीण आयसीयूच्या बाहेर दोन दिवसांनी पहिल्यांदा जेवली.

टेस्ट त्याच होत्या. भाच्याच्या वेळी डॉक्टर काय शोधताहेत हे त्यांना माहीत होतं. माझ्या पोरीच्या वेळी शोधायचं काहीच नव्हतं, होती फक्त माझी भीती. अन् तेव्हा वातावरणच तसं. टीव्हीवर रोज 'तिसरी लाट लहान मुलांची'. जून २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलं की अठराच्या आतल्यांना रेमडेसिवीर नको, सौम्य आजारात स्टेरॉइड नको, एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) जपून करा. तोवर आमच्या ओळखीतल्या दोन लेकरांचं एचआरसीटी होऊनही गेलं होतं.

आणखी एक, कारण आपण विदर्भातले. फेरिटिन हा शरीरातल्या लोहाच्या साठ्याचाही आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया निघाला. लोहच कमी असेल तर फेरिटिन मुळातच खाली असतो. उलट सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार, आपल्या विदर्भात बराच दिसतो) असलेल्या ज्या लेकरांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांचा फेरिटिन कोरोना नसतानाही वर असतो. म्हणजे एकच आकडा, पण लेकरू कोणतं यावर अर्थ बदलतो.

एक राग मात्र अजून आहे. पोरगी बरी झाल्यावर मी त्या लॅबला फोन केला होता. म्हटलं, रिपोर्टवर वय तीन वर्षं लिहिलंय, मग लिम्फोसाइटची नॉर्मल रेंज २० ते ४० अशी मोठ्यांची कशी? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सॉफ्टवेअरमधी तसंच येते."

परवाचा तो रिपोर्ट मी मोठा करून पाहिला. लॅब दुसरी, वय चार वर्षं, अन् रेंज २० ते ४०.